ताडबंगल्यातलं रडणं तुझं होतं

हिरावहिनी,

तू गेलीस त्या दिवशी झाई गावात तुझ्या दारात कुणी रडलं नाही.

मी सकाळच्या एसटीने पोचलो तेव्हा तुला ओटीवर ठेवलं होतं. बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या, डोक्यावरून पदर, माना खाली. तुझी लेक कुंदा तुझ्या पायाशी होती. तिच्या तोंडून एकदाच 'आई गं' एवढं निघालं आणि मग तिने दोन्हीकडे पाहिलं. कुणी आवाजात आवाज मिळवतंय का, ते बघत होती. कुणी मिळवला नाही. तीही गप्प झाली. माझ्यामागे दोघीजणी हळू बोलत होत्या, पण माझे कान अजून शाबूत आहेत.

"ही कुणाच्या दारी रडली होती, म्हणून आपण रडायचं?"

"सासू मेली तेव्हा पाणी नव्हतं डोळ्यात. दगड होती, बाय."

तुमच्या पाड्यात रडण्याची एक रीत आहे. कुणी गेलं की बायका एकमेकींच्या गळ्यात पडतात आणि हेल काढून, गेलेल्या माणसाशी बोलत रडतात. तू असा होतास, तू हे खायचास, हे बोलायचास, आता आम्ही काय करायचं. आज तुम्ही आमच्या दारी रडलात, उद्या आम्ही तुमच्या दारी. जी येऊन रडत नाही तिच्यासाठी कुणी रडत नाही. त्या बायकांचं काही चुकलं नाही. त्यांना एवढंच माहीत होतं, की हिरा रडत नाही.

ती का रडत नाही, याचं खरं कारण या जगात फार तर दोघांना माहीत होतं. मला, आणि बहुधा तुला. तू गेलीस आणि मी एकटा उरलो. पंच्याहत्तरी कधीच ओलांडली, डाव्या डोळ्याने धड दिसत नाही. लिहून ठेवायचं तर आत्ताच.

तुला मी पहिल्यांदा पाहिलं ते तू डहाणूच्या किनाऱ्यावरून दामूशी लग्न होऊन झाईत आलीस तेव्हा. माझे वडील झाईच्या शाळेत मास्तर होते. दामू आणि मी पहिलीपासून एका पाटावर. पुढे तो बापाच्या होडीवर गेला आणि मी मुंबईला पिक्चरवाल्यांकडे आवाज टिपायच्या कामाला लागलो. दामूने माझी ओळख करून दिली.

"हा मास्तरांचा वसंत. आवाज गोळा करतो."

तू मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलंस. "ते झालं. पण काम काय करतो?"

दामू पोट धरून हसला. त्यानंतर मी कधीही आलो की तू विचारायचीस, "काय भावोजी, काम लागलं का?" मी नाही म्हणायचो आणि तू ताटात आणखी एक सुका बोंबील टाकायचीस.

माझं काम मला खऱ्या अर्थाने तू शिकवलंस, हेही मी कधी कुणाला सांगितलं नाही. घरामागे बोंबील सुकवायच्या वलांड्या होत्या, बांबू रोवून दोऱ्या ताणलेल्या. मी तिथे माईक घेऊन वारा टिपत होतो आणि हाती नुसता फरफराट येत होता. तू पाटी घेऊन चालली होतीस. थांबलीस. म्हणालीस, "वारं कशाला पकडतोस? वारं बोलत नाही. दोरी बोलते. ओली दोरी वेगळी बोलते, सुकलेली वेगळी. दोरीजवळ जा." मी गेलो. पुढे स्टुडिओत लोक मला विचारायचे, तुझा वारा इतका जिवंत कसा रे येतो. मी हसायचो. जणू माझ्या अंगातच काही होतं.

'ताडबंगला'चं शूटिंग आपल्याकडे आलं ते माझ्यामुळे. परदेशातली एक जुनी, कॉलेजात शिकवतात अशी गोष्ट होती. ओसाड घर, वरच्या मजल्यावर कोंडलेली पहिली बायको, नवी आलेली दुसरी. आमच्या दिग्दर्शकाने ती उचलून इंग्रजी अमदानीतल्या कोकण किनाऱ्यावर आणली. साहेबाच्या जागी चिकूच्या वाडीचा मालक आला, मेण्यात बसून येणारी नवरी आली, हंड्या, झुंबरं, नऊवारी पातळं. कैनाडच्या वाटेवर वाडीच्या मधोमध एक रिकामा बंगला होता, त्याच्या अंगणात सात ताड. तो मीच दाखवला. मूळ गोष्टीत बर्फ पडतं. आमच्याकडे बर्फ कुठलं? मग गोवऱ्या पेटवून धूर करायचे आणि त्याला धुकं म्हणायचे. नायिका मेण्यातून उतरली की खोकायला लागायची. एकदा तू टोपली घेऊन शूटिंग बघायला आलीस आणि सगळ्यांसमोर म्हणालीस, "इतका धूर आमच्याकडे केला तर बोंबील खराब होतील. बाई कशी टिकेल?" सगळं युनिट हसलं होतं.

अडलं ते रडण्यावर. वरच्या बंद खोलीतून त्या बाईचं रडणं ऐकू येतं, असा प्रसंग होता. नटीने रडून पाहिलं, मुंबईच्या एका गायिकेने रडून पाहिलं. दिग्दर्शक म्हणाला, "हे सगळं नाटकातलं आहे. ऐकून अंगावर काटा आला पाहिजे. वसंता, तू इथला आहेस ना? शोध कुठून तरी."

त्याच आठवड्यात खाडीच्या तोंडाशी दामूची होडी उलटली.

तिघे पोहून आले, दामू आला नाही. मला निरोप मिळाला तेव्हा मी बंगल्यावर होतो. युनिटच्या जीपने मला झाईत सोडलं आणि आवाजाचं मशीन माझ्या खांद्यालाच राहिलं. तिसरा दिवस होता. गडी किनाऱ्यावर होते, बायका तुझ्या ओटीवर. तू रडत नव्हतीस, कारण प्रेत मिळालं नव्हतं आणि प्रेत मिळेपर्यंत रडलं तर माणूस परत येत नाही, असं तुमच्यात मानतात. कुंदा अकरा महिन्यांची. मी घरामागे वलांड्यांपाशी एका फळीवर बसलो होतो. हात रिकामे होते. आजवर मी स्वतःला हेच सांगत आलो, की हात रिकामे होते म्हणून सवयीने मशीन लावलं, दोऱ्यांचा आवाज घ्यायला.

दुपारी बाराच्या सुमाराला किनाऱ्यावरून हाक आली. दामू किनाऱ्याला लागला होता. आणि घरात तू तोंड उघडलंस.

पहिला मिनिटभर मशीन चालू राहिलं ती चूक होती. तेवढं मी अजूनही म्हणेन. मला सुचलंच नाही. पण त्यानंतर माझी नजर मशीनच्या काट्यावर गेली. तुझा आवाज इतका मोठा होता की काटा लाल रेघेच्या पलीकडे जात होता, आवाज फाटला असता. मी हात पुढे केला आणि बटण फिरवून पातळी कमी केली, म्हणजे नीट यावा म्हणून. मग माईक दोरीवरून काढला आणि तुझ्या मागच्या दाराकडे वळवला.

माझा मित्र तिकडे वाळूवर होता, वहिनी. त्याच्याकडे धावत जायचं सोडून मी बटण फिरवत होतो. या हाताने. सहा मिनिटं.

त्या सहा मिनिटांत तू काय काय म्हणालीस ते मला तोंडपाठ आहे. ते नंतर सांगतो. पिक्चरमध्ये त्यातले अकरा सेकंद वापरले. मी टेपची गती थोडी कमी केली. शब्द कळेनासे झाले आणि चाल तेवढी राहिली. स्टुडिओत पहिल्यांदा लावलं तेव्हा दिग्दर्शक खुर्चीतून उठला. "हे काय आहे?" मी म्हणालो, "तीन आवाज मिसळलेत. कोल्ह्याची कुई, तारेवर घासलेला गज आणि कोरसमधली एक मुलगी." ते खोटं मला तिथल्या तिथे सुचलं. पुढची पंचेचाळीस वर्षं मी ते अक्षरही न बदलता सांगत राहिलो. लोकांनी ते वह्यांमध्ये उतरवून घेतलं. नव्या मुलांना शिकवलंसुद्धा. त्या अकरा सेकंदांवर मला आयुष्यभर काम मिळालं. पुढे कधीतरी मी ती मूळ गोष्ट वाचली. वहिनी, तिच्यात ती कोंडलेली बाई रडतच नाही. रागावते, हसते, घर जाळते, पण रडत नाही. आमच्या पिक्चरमधलं जे लोकांच्या लक्षात राहिलं, ते त्या गोष्टीतलं नव्हतंच.

पिक्चर डहाणूला लागला तेव्हा तुम्हाला पास न देऊन कसं चाललं असतं? तू, तुझी मैत्रीण मथुरा आणि पाड्यातल्या आणखी पाच-सहाजणी एसटीने आलात. मी तुमच्यामागे दोन रांगा सोडून बसलो. पडदा मी बघितलाच नाही. तुझ्या डोक्याकडे बघत होतो. तो प्रसंग आला. जिन्यावर दिवा, वरचं बंद दार, आणि तुझा आवाज. थिएटर किंचाळलं. कुणी शिटी मारली. तुझं डोकं हललं नाही. मांडीवर झोपलेल्या कुंदाचा एक कान तुझ्या पोटाला टेकला होता, दुसऱ्या कानावर तू हात ठेवलास. एवढंच.

बाहेर आल्यावर मथुरा छातीवर हात ठेवून बोलत सुटली होती. "बाय बाय, कसलं रडतं ते भूत! आता मी संध्याकाळची विहिरीवर जाणार नाही."

तू मला विचारलंस, "भावोजी, त्या भुताला रडायला कुणी शिकवलं?"

"मशीन असतं, वहिनी."

"मशीनचा नवरा बुडाला वाटतं."

बायका खदाखदा हसल्या. त्यांना वाटलं, हिराची नेहमीची थट्टा. मीही हसलो. तू मात्र हसली नाहीस. कुंदाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलंस आणि म्हणालीस, "चला, बस जाईल."

तेव्हाच सांगायला हवं होतं. तू दार उघडून दिलं होतंस. मी आत आलो नाही.

पण सगळ्यात मोठा गुन्हा तोही नाही. तो पुढच्या वर्षीचा आहे, आणि माझ्यापुरतं सगळं तिथे येऊन थांबतं.

दामूची आई गेली. मी गावातच होतो. तोवर 'ताडबंगला' पाड्यातल्या सगळ्यांनी दोनदोनदा बघितला होता. पोरी वलांड्यांआड लपून एकमेकींना तसं रडून घाबरवायच्या. आम्ही गडीमाणसं अंगणात तिरडीचे बांबू बांधत होतो. ओटीवर तू सासूच्या उशाशी बसलीस आणि सुरुवात केलीस. "आई गं, कुठं चाललीस..." तोच हेल, तोच उंच चढून तुटणारा सूर. तुझा होता, तर तोच असणार ना.

आणि कोपऱ्यातली एक पोरगी फिसकन हसली. मग दुसरी. बायकांनी पदराची टोकं तोंडात कोंबली. मथुरा, तुझी इतकी जवळची मथुरा, हसू दाबत म्हणाली, "हिरे, मयतात तरी पिक्चरची नक्कल नको गं करू."

नक्कल. त्यांच्या कानात आता भूतच बसलं होतं; त्यांना वाटलं, तू त्याची नक्कल करतेस.

तू मान वर केलीस. बायकांच्या डोक्यांवरून, अंगणातल्या गड्यांमधून तुझी नजर फिरली आणि माझ्यावर येऊन थांबली. किती वेळ, ते मला सांगता येत नाही. जन्मभर सेकंदांचं काम केलं, पण तो वेळ मला मोजता आला नाही. तू वाट बघत होतीस. माझ्या हातात काथ्याची दोरी होती. मी एवढंच बोलायला हवं होतं, की बायांनो, ही नक्कल नाही, ते भूत हिच्यासारखं रडतं, हिच्याकडून घेतलंय मी. एका दमात बोलून झालं असतं.

मी खाली बघितलं आणि गाठ मारली.

का बोललो नाही? दामूच्या भावांनी मला चोपलं असतं, हे भय होतं. पिक्चर अजून गावोगाव चालला होता, माझं नाव होत होतं, तेही होतं. खरं सांगायचं तर दुसरं कारण मोठं होतं.

तू तोंड मिटलंस. त्यानंतर कुणाच्याही मयताला ते उघडलं नाहीस. जायचीस, शेवटच्या बाईच्याही मागे बसायचीस, प्रेताला पाणी पाजून व्हायच्या आत उठायचीस. आधी लोक विचारायचे, मग बोलायला लागले, मग 'दगड' हे तुझं नावच पडलं. ज्या हिराला शेजारच्या पाड्यातून बोलावणं यायचं, हिच्याशिवाय प्रेत उचललं तर गेलेल्याला बरं वाटणार नाही असं म्हणायचे, तिला कुणी बोलावेना. उंबरगावच्या बाजारात तू गुजरातीत भांडायचीस, लग्नात नाचायचीस, माझी थट्टा करायचीस. रडणं तेवढं तुझ्यातून काढून घेतलं होतं.

माझी बायको शैला गेली तेव्हा तू मसोलीला माझ्या घरी आलीस. पहिल्या बसने. दिवसभर माझ्याशेजारी बसलीस, माझा हात सोडला नाहीस. शैलाच्या माहेरच्यांनी माझ्याकडे चौकशी केली, "या कोण? यांना काहीच वाटत नाही का?" संध्याकाळी सगळे पांगले तेव्हा तू माझ्या स्वयंपाकघरातली भांडी घासलीस. जाताना उंबऱ्यात थांबलीस.

"भावोजी, शैलासाठी रडायला पाहिजे होतं मी. मला येत नाही रे आता. समजून घे."

आणि मी काय म्हणालो? "असू दे, वहिनी."

असू दे! मी तुला मोठ्या मनाने माफ केलं. त्या वाक्याने मी जितका झोपेतून उठलोय तितका दुसऱ्या कशानेच नाही. आणि तरीही, वहिनी, त्या दिवशी तू हात धरून बसली होतीस म्हणून मी तो दिवस काढला. ज्याने तुझं सगळं नेलं त्याचा हात धरून तू बसलीस, हे माहीत असताना. तुला माहीत होतं ना? हा वाद माझा माझ्याशी अजून चालू आहे. कधी वाटतं तुला नक्की माहीत होतं. कधी वाटतं, नसेल, असतं तर भांडी कशी घासली असतीस? तू सांगितलं नाहीस, मी विचारलं नाही.

या वर्षी मी ठरवून झाईला आलो होतो. सांगायचंच म्हणून. तू खाटेवर उशीला टेकून बसली होतीस, कुंदा कोळंबी सोलत होती. मी चिकूच्या बाजारभावाबद्दल बोललो. मोतीबिंदूबद्दल बोललो. नवीन रस्त्यासाठी कुणाच्या वाड्या जाणार त्याबद्दल बोललो. तू ऐकून घेतलंस. उठलो तेव्हा विचारलंस, "काही सांगायचं राहिलं का, भावोजी?"

"नाही, काही नाही."

"बरं. सांभाळून जा. पायरी ओली आहे."

त्यानंतर पंधरा दिवसांनी जुने पिक्चर साफसूफ करून पुन्हा दाखवणाऱ्या मंडळींचा फोन आला. 'ताडबंगला' नव्याने दाखवणार होते. त्यांना ते रडणं कसं तयार केलं ते हवं होतं, मूळ टेप असेल तर तीही. मी म्हणालो, कोल्ह्याची कुई, तारेवर घासलेला गज, कोरसमधली एक मुलगी. दोन दिवसांनी कुंदाचा फोन आला, की तू गेलीस.

पाचव्या दिवशी मी पुन्हा आलो आणि कुंदाला सगळं सांगितलं. ती चुलीपुढे बसून ऐकत होती. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. बराच वेळ निखारे सारत राहिली, मग म्हणाली, "त्या टेपमध्ये आई काय म्हणते?"

मी सांगितलं. तुझेच शब्द, तुझ्याच क्रमाने. तू गरम भात फुंकून फुंकून खायचास, आता थंड पाण्यात कसा राहिलास रे. माझ्यासाठी उंबरगावहून लाल बांगड्या आणल्यास, त्या आता कुणासमोर वाजवू. काल पोरीला पहिला दात आला, तुला दाखवायचा होता.

"माझा दात?" कुंदा म्हणाली.

"तुझा."

तिने पदर डोळ्यांना लावला. शेहेचाळीस वर्षांची बाई. बापाचं तिच्याकडे काहीही नव्हतं, एक फोटोसुद्धा नाही. आणि हे सगळं माझ्या कपाटात डब्यात पडून होतं, मी ते तिला एकदाही दिलं नाही. टेपवरून फोनमध्ये उतरवून घेतलेलं मी तिच्या हवाली केलं. ती म्हणाली, आज नाही ऐकणार. मग जरा वेळाने म्हणाली, "काका, मला एकटीला सांगून काय उपयोग? हसले ते सगळे होते."

"मग?"

"बाराव्याला सगळ्या येतील. तिथे सांग. मी सांगणार नाही, तू सांग."

त्या पिक्चरवाल्या मंडळींनाही मी फोन केला. म्हणालो, मी खोटं बोललो होतो, आवाज झाईच्या हिराबाईचा आहे, नवऱ्याच्या मरणाला रडतानाचा, तिला न विचारता घेतलेला. पलीकडचा मुलगा आनंदाने म्हणाला, "सर, हे तर त्याहून भारी आहे!" मी फोन कानापासून दूर धरला. तो बोलत होता. शेवटी मी एवढंच म्हणालो, की 'न विचारता' हा शब्द गाळून तिचं नाव घालू नका. तो म्हणाला, बघतो. आवाज काढून टाकता येईल का, तेही विचारलं. नाही येणार म्हणाला. पिक्चरमध्ये तू राहणारच, वहिनी. त्यावर आता माझा काही इलाज नाही.

काल तुझं बारावं झालं.

पान वाढायच्या आधी कुंदाने मला ओटीवर बोलावलं. बायका आत, गडी अंगणात, मी मध्ये उंबऱ्यापाशी. मी उभ्यानेच सांगितलं. मशीन, वलांड्या, बटण, थिएटर, सासूचं मयत. काही गाळलं नाही. आवाज फार बारीक येत होता, मागच्या बायांनी "मोठ्याने बोल" म्हटलं, तेव्हा तेवढं पुन्हा सांगितलं. दामूच्या धाकट्या भावाला आता उठता येत नाही. तो खुर्चीतून माझ्याकडे बघत राहिला आणि मग त्याने तोंड फिरवलं. त्याने मारलं असतं तर मी खाल्ला असता मार.

 शेवटी मथुरा बोलली. मथुरा आता नव्वदीकडे झुकली आहे, कमरेत पार वाकली आहे.

"म्हणजे ती नक्कल नव्हती करत."

"नाही, मथुराबाई."

"आणि मी तिला म्हटलं." ती स्वतःशीच मान हलवत राहिली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "भावोजी, आम्ही हसलो. आम्हाला माहीत नव्हतं. तुला माहीत होतं."

 

तिने कुणाचा तरी हात धरला, उठली आणि कुंदाजवळ जाऊन बसली. कुंदाच्या गळ्याभोवती दोन्ही हात टाकले. बाकीच्या सरकून जवळ आल्या. मथुराने तोंड उघडलं तर आधी नुसती हवाच आली. "हिरे..." पुन्हा खाकरली. "हिरे गं, माझ्या तोंडाला आग लागली असती तर बरं..." आणि सूर लागला. मग दुसरीचा लागला.

मी चपला घातल्या.

अंगणातून कुणीतरी "काका, जेवून जा" म्हणालं. मी थांबलो नाही. वारा समुद्रावरून येत होता, म्हणजे आवाज गावाकडे, पूर्वेला जाणार. मी पश्चिमेला, वाऱ्याच्या तोंडावर चालू लागलो. वलांड्या ओलांडल्या, ओढून ठेवलेल्या होड्या ओलांडल्या. मध्येच एकदा तुझं नाव कानावर आलं, तेव्हा पाय उचलले. ते तुझ्यासाठी होतं. ते मी ऐकायचं नव्हतं. पाण्यापाशी पोचलो तेव्हा मागचं काहीही ऐकू येत नव्हतं, आणि मग मी बसलो.